आधी मराठीत तपासा

बेळगाव

प्रिय ताई,


निपाणीच्या तुझ्या वर्गातल्या, वाचनात अडणाऱ्या मुलांबद्दल तू विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो. सीमाभागातल्या मराठी शाळेत मूल वाचनात मागं पडलं, की कन्नडच्या सक्तीवर बोट ठेवून आपण मोकळे होतो. 2015 च्या कायद्यानं कन्नड पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली, जोडीला इंग्रजी आहेच. तीन लिप्यांचं ओझं खरंच आहे. ‘पुस्तक’ देवनागरीत लिहिताना अर्ध्या ‘स’ला ‘त’ जोडायचा, तर कन्नडमध्ये पूर्ण ‘स’च्या खाली छोटा ‘त’ काढायचा. इथं कोणतंही मूल गोंधळेल. पण जे मूल घरच्या मराठीत गोष्ट घडाघडा सांगतं आणि चौथीतही मराठीच्याच जोडाक्षरापाशी थांबतं, त्याचं दुखणं कन्नड नव्हे. म्हणून डोळे-कान तपासून झाले, की चाळणी चाचणी आधी मराठीत घ्यावी, मग कन्नडमध्ये. फक्त कन्नडमध्ये अडत असेल तर सराव वाढवावा. दोन्हींत अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची शंका धरून तज्ज्ञांकडं पाठवावं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. आपल्या भागाला याहून सोयीचं काय हवं?

मुलावर शिक्का बसेल, अशी पालकांना भीती वाटते. पण ‘ढ’ आणि ‘आळशी’ हे शिक्के त्याच्यावर आधीच बसलेले असतात. निदान झालं तर ते पुसता येतात आणि हक्कही मिळतो: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशी अडचण लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी शाळेवर टाकली आहे. वेळ नाही ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे, पण निदान त्यांनी करायचंच नाही. त्यांनी फक्त शंका नोंदवायची. पुढं गटसाधन केंद्रातल्या समावेशक शिक्षणाच्या शिक्षकांकडं पाठपुरावा करता येतो. आधी मराठीत तपासणं ही कन्नड टाळण्याची पळवाट आहे, असंही कुणी म्हणेल. उलट, मराठीत आवाज आणि अक्षर यांची सांगड पक्की बसली, तर कन्नडचीही वाट सोपी होते, कारण दोन्ही लिप्यांत अक्षराला स्वरचिन्ह जोडण्याची रीत एकच आहे. ही मुलं कर्नाटकातच राहणार, कमावणार. त्यांना कन्नड यायलाच हवी. पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, हे घटनेच्या 350-अ कलमात 1956 पासून आहे. मग तपासणीही मातृभाषेत मागण्यात गैर काय? परीक्षेची वाट न पाहता या महिन्यातच शंका असलेल्या मुलांची यादी कर आणि गटसाधन केंद्राला लेखी कळव.

तुझा धाकटा भाऊ