बार काढायचा आकडा

ठासणीची बंदूक भरायची कशी, हे आमच्या सिंधुदुर्गात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी दारू, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं, आणि अगदी शेवटी निपलावर केप. पण भरलेला बार न उडवता परत कसा काढायचा, हे वाडीत विचारलंत तर दहातले नऊ जण सांगतील, ‘काढूचो कित्याक? उडवचो.’ दहावे आमचे अण्णा.

घरातली बंदूक आजोबांच्या वेळची. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांच्या मागे अण्णांच्या नावावर झाला. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे, आणि कोकणातल्या बहुतेक बंदुका त्याच वाटेने घराघरांत आल्या. ‘परवानाधारक’ म्हटलं की शहरातल्या माणसाला कोणी दांडगा गडी वाटतो. आमचे अण्णा पाच फूट दोन इंच, कमरेला पंचा, आणि डुक्कर दिसला तर आधी डबा वाजवणारे. बंदुकीचा बार बहुतेक वेळा नुसत्या आवाजाचा. दारू नि काथ्या, बस. रताळ्यात शिरलेली डुकरं त्या आवाजाने पळत, नि दोन दिवसांनी पुन्हा येत.

डुकरं किंवा वांदर येण्याची वाट बघत बंदूक भरून ठेवली जाते नि ते येतच नाहीत, असं वर्षातून चार वेळा व्हायचं. मग ती भरलेली बंदूक माजघरात खुंटीवर टांगलेली. केप काढली तर ती आपोआप उडत नाही हे खरं, पण आत दारू आहे हे घरातलं माणूस विसरतं. विसरून वर दुसरा बार ठासला तर नळी फुटते. पलीकडच्या वाडीतल्या एका गृहस्थांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, ती अशानेच. म्हणून अण्णांच्या गजावर चाकूने केलेली एक खूण होती. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत गेला की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. खूण चार बोटं वर राहिली तर आत चार बोटांचा ऐवज आहे. बंदूक हातात घेतली की अण्णा आधी केप बघत आणि मग गज घालून बघत. पोलीस पाटील आले तरी त्यांच्यासमोर, नि घरात कोणी नसलं तरी.

भरलेला बार काढायला आमच्याकडे एक आकडा होता. लोखंडी तारेचे दोन पीळ, बोकडाच्या शिंगांसारखे एकमेकांत गुंतलेले, टोकं धारदार. मागे आटे. गजाच्या पितळी टोपणावर तो फिरवून बसवायचा, गज नळीत सोडायचा आणि हलक्या हाताने गोल फिरवायचा. काथ्यात पीळ गुंतले की बोळा निघून यायचा, मग नळी उलटी करून छर्रे नि दारू कागदावर. दारू कोरडी असली तर परत डब्यात. परवान्यावर किती दारू नि किती केपा घ्यायच्या ते लिहिलेलं असतं, दुकानदार वहीत नोंद करतो, त्यामुळे चिमूटभर दारूचाही हिशोब असायचा.

इथवर सगळं सोपं. अडचण झाली ती 2004 साली.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. पाऊस संपतच नव्हता. एका रात्री गोठ्यामागे पडवळाच्या मांडवात धडधड झाली. अण्णांनी बॅटरी मारली तर गवा. एकटा, अंगावरून पाणी निथळतंय, नि मांडव शिंगांवर. गव्याला ठासणीची बंदूक म्हणजे पालीला दाखवलेली टाचणी, पण गोठ्यात दोन गायी नि पाडा होता आणि आई दाराशी उभी राहून देवाचं नाव घेत होती. अण्णांनी बंदूक भरली, आणि घाईत छर्ऱ्यांच्या जागी आजोबांच्या डब्यातली शिशाची गोळी घातली. 1972 चा वन्यजीव कायदा येण्याआधी आजोबा शिकारीला जात, त्यांनी साच्यात ओतलेल्या पाच-सहा गोळ्या उरल्या होत्या. कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गोळी ठासली आणि अण्णा पडवीत बसून राहिले. गवा पहाटे आपणहून गेला. बार तसाच राहिला.

पुढे आठवडाभर सूर्य दिसला नाही. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि पोलीस ठाण्याकडून निरोप आला, परवान्याच्या बंदुका जमा करा. मतदान 13 ऑक्टोबरला. म्हणजे भात फुलोऱ्यावर येऊन कापणीला येईपर्यंत बंदूक ठाण्यात. निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करून घेतात ते बरोबरच आहे, पण डुकरांना आचारसंहिता लागू नसते, हेही कोणीतरी एकदा लिहून ठेवायला हवं.

बंदूक रिकामी करून द्यायची. आणि आत गोळी.

मी तेव्हा कुडाळला शाळेत होतो, शनिवारी घरी यायचो. मी म्हटलं, ‘अण्णा, परड्याच्या खाली जाऊन उडवून टाकू.’

अण्णा म्हणाले, ‘छर्रो थोडो जाता नि पडता. गोळी खय जातली ता तू सांगशील? खाली व्हाळार बायलो कपडे धुतत. आणि दारू ओली झाली आसतली. केप वाजतली नि बार उठूचो नाय. मगे बगूक वाकलंस की उठतलो.’

ते खरंच असतं. दमट दारू कधी पेटतच नाही, कधी उशिरा पेटते, आणि तो मधला वेळ किती हे कोणाच्याच हातात नसतं.

आकडा घालून पाहिला. पीळ गोळीवरून नुसते घसरत होते. काथ्यात गुंतणारी वस्तू शिशात कशाला गुंतेल? शिशाला टोचून आत शिरणारा स्क्रू हवा. तो घरात नव्हता. आजोबांनी गोळी भरली की ती उडवलीच, काढायची वेळ त्यांच्यावर आली नसावी.

रविवार गेला नि सोमवारी अण्णा एसटीने तालुक्याच्या गावी बंदूक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे निघाले. मी रजा टाकून सोबत गेलो. बंदूक घरीच, कुलूपबंद. बरोबर फक्त गज, आणि डब्यातली दुसरी एक गोळी कनवटीला. कंडक्टरने विचारलं, ‘काठी कसली ही?’ अण्णा म्हणाले, ‘नातवाक.’ मला तेव्हा मूल नव्हतं. कंडक्टरने माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं.

म्हाताऱ्याने तीन नग पुढे टाकले. पहिला म्हणजे लोखंडाच्या कांडीला डाग देऊन जोडलेला साधा लाकडाचा स्क्रू. सगळ्यात स्वस्त. अण्णांनी तो बोटांत धरून डाग दिलेल्या जागी वाकवून पाहिला आणि बाजूला ठेवला. ओढताना तो डाग सुटला तर गोळीही आत नि स्क्रूही आत. शिवाय बारीक कांडी नळीत इकडेतिकडे झुकते. स्क्रू गोळीच्या मधोमध न लागता कडेला लागतो, आणि मग गोळीऐवजी नळीच कोरली जाते.

दुसरा नवाकोरा, चकचकीत, अख्खा पोलादी. स्क्रू छान तीक्ष्ण. पण त्याचे आटे आमच्या गजाच्या टोपणावर दोन फेरे बसले नि अडले. म्हातारा म्हणाला, जरा जोर लावा, बसतील. अण्णांनी जोर लावला नाही. जोराने बसलेले आटे जोरानेच निसटतात, असं काहीसं पुटपुटले.

तिसरा जुना, पितळेचा, काळपट. टोकाला पोलादी स्क्रू, नि स्क्रूच्या मागे पितळेची जाड चकती. अण्णांनी कनवटीची गोळी काढली आणि चकतीशेजारी धरली. चकती गोळीपेक्षा केसभर लहान. म्हणजे गोळी जिथून जाते तिथून चकती जाणार, पण हलायला जागा उरणार नाही, स्क्रू आपोआप मधोमध धरला जाणार. आणि पितळ नळीच्या लोखंडाला ओरखडत नाही, ठिणगी पाडत नाही. आटे बसले. अण्णांनी साठ रुपये दिले. आमच्याकडे त्या वेळी साठ रुपयांची वस्तू विकत घेण्याआधी तीन पिढ्यांशी बोलणं व्हायचं, पण त्या दिवशी त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.

निघताना म्हाताऱ्याने गज हातात घेतला, टोपण हलवून पाहिलं आणि म्हणाला, ‘हे नुसतं चिकटवलंय. गोळी ओढताना टोपणच हातात येईल.’ भेरलीमाडाचा गज, आजोबांनी तासलेला. टोपण राळेने बसवलेलं. ढकलताना ते कितीही टिकेल, ओढताना नाही. म्हाताऱ्याने टोपणातून नि लाकडातून आरपार भोक पाडलं, पितळी तार घातली, दोन्ही बाजूंनी ठोकली आणि कानशीने सपाट केली. त्याचे पैसे घेतले नाहीत. हे त्याने सांगितलं नसतं तर साठ रुपयांचा तो नगही नळीतच राहिला असता.

घरी आल्यावर अण्णांनी लगेच हात घातला नाही. केप नाहीच याची पुन्हा खात्री केली, निपल काढलं, त्या भोकातून नि वरून नळीत पाणी ओतलं आणि बंदूक रात्रभर तशीच ठेवली. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, मग ती दारू राहत नाही, चिखल होतो. दुसऱ्या दिवशी बंदूक पडवीच्या खांबाला सुंभाने आडवी बांधली, नळीचं तोंड चिऱ्याच्या गडग्याकडे. मी पुढून बघायला गेलो तर अण्णा ओरडले, ‘नळयेसमोर उभो रवा नको! ओली आसली म्हणान काय झाला?’ स्वतःही ते बाजूला बसले, हात लांब करून.

गज आत सोडला, दाबून फिरवायला सुरुवात केली. शिसं मऊ, नखाने ओरखडा पडतो इतकं, पण नळीच्या तळाशी, दिसत नसताना, स्क्रू शिरतोय की नुसता गरगरतोय हे हाताला कळावं लागतं. पहिल्यांदा गरगरला. दुसऱ्यांदा अण्णांचा हात एकदम जड झाला. ‘धरल्यान,’ म्हणाले. गजाच्या वरच्या टोकाला आडवी काठी बांधली, मी नि ते दोघांनी धरून, हिसका न देता, ओढत राहिलो. कापडात गुंडाळलेली गोळी तसूतसूने सरकत होती. शेवटी बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करून बाहेर आली. मागोमाग जुना आकडा घालून काथ्या काढला, तो फुगून बोंडाएवढा झाला होता, आणि मग काळं पाणी. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली तेव्हा आईने आत चहा टाकला. सकाळपासून ती चुलीशी उभी होती, पण चूल पेटवली नव्हती.

गरम पाण्याने नळी तीनदा धुतली, सुकवली, खोबरेल लावलं, आणि गुरुवारी बंदूक ठाण्यात जमा केली. पावती मिळाली. भाताचं म्हणाल तर खालच्या दोन कुणग्यांत डुकरांनी लोळण घेतली. उरलेलं आलं. निवडणुकीनंतर बंदूक परत आणली तेव्हा नळीत तांबेऱ्याची एक रेघ होती. ठाण्यातल्या दमट खोलीत ती कोणाच्या तरी ओल्या बंदुकीला टेकून उभी असणार. ती रेघ घासून घासूनही पूर्ण गेली नाही.

पुढे काही वर्षांनी गणपतीला माझा टेक्सासमधला भाचा आला. तो तिकडे नेमबाजीच्या क्लबात जातो नि स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. इथे सामान्य परवानाधारकाला ती मुभा नाही, तिथे घरोघरी यंत्रं आहेत म्हणे. चुकीची भरलेली काडतुसं उकलायला त्याच्याकडे दोन अवजारं होती, त्याने फोनवर दाखवली. एक प्लास्टिकच्या हातोडीसारखं. तिच्या डोक्यात काडतूस अडकवायचं नि हातोडी लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायची. काडतुसाचं कवच अडकून राहतं, जड गोळी आपल्याच वेगाने सुटून पुढे पडते, दारूही त्याच डोक्यात साठते. दुसरं म्हणजे यंत्रावर बसवायचा चिमटा, तो गोळी धरतो आणि कवच खाली ओढलं जातं. हातोडी कुठल्याही मापाला चालते, चिमट्याला प्रत्येक मापाची वेगळी जिवणी लागते. चार काडतुसं असतील तर हातोडी, शंभर असतील तर चिमटा, असं त्याचं मत.

अण्णांनी विचारलं, ‘आपटताना बार उठणा नाय?’

भाचा म्हणाला, ‘सहसा नाही. पण ज्यांचा स्फोटक मसाला कडेच्या काठात असतो ती बारकी काडतुसं हातोडीत कधीच घालायची नाहीत.’

‘मगे जा घालूचा नाय ता आधी सांगूचा,’ अण्णा म्हणाले. मग त्यांनी चिमट्याची जिवणी मोठी करून दाखवायला सांगितली, चष्मा वर करून बराच वेळ पाहिली. मऊ शिशाची गोळी असली तर? भाच्याने कबूल केलं की चिमटा ती चेपतो. अण्णा उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि त्यातला पितळेचा नग त्याच्या हातावर ठेवला. त्याने चकती फिरवून पाहिली, आटे पाहिले. मग भोक पडलेली ती गोळी दिसली, ती न्यायला मागितली. अण्णा म्हणाले, विमानात ती चालायची नाही, आणि गज आणायला आत गेले. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे भाच्याला दाखवायचं होतं.