अडीचशे ग्रॅमचा हिशेब

१० जानेवारी २०२५, शुक्रवार. डेन्व्हर

भाड्याच्या स्कीवरचं, बूट धरून ठेवणारं बायंडिंग फार जड असतं, ही तक्रार काउंटरवर दर आठवड्याला कुणीतरी करतंच. करणारा बहुधा तिशीतला, नुकतीच स्कीइंगची गोडी लागलेला आणि व्हिडिओ भरपूर पाहिलेला. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, एकदाचं काट्यावर टाकूनच बघू.

मागच्या खोलीत पार्सलं तोलायचा काटा आहे. एकाच कंपनीची, सारख्याच ताकदीची दोन बायंडिंगं घेतली. एक नेहमीचं, स्कीला भोकं पाडून कायमचं बसवायचं. त्याची जोडी ब्रेकसकट दोन किलो शंभर ग्रॅम भरली. दुसरं भाड्याचं, रुळावर पुढे-मागे सरकणारं. ते दोन किलो सहाशे. म्हणजे एका पायामागे अडीचशे ग्रॅम जास्त.

मग दोन्ही उलटी करून टेबलावर ठेवली. बुटाचं नाक धरणारा पुढचा भाग दोन्हींत तोच, टाच दाबून धरणारा मागचा भागही तोच. स्प्रिंग तीच, तिचा ताण दाखवणारी छोटी खिडकीही तीच. फरक काय तो सगळा खाली. दातेरी पोलादी पट्टी, तिच्याभोवती प्लास्टिकचा रूळ आणि दात्यांत अडकणारा खटका. अडीचशे ग्रॅम या सामानाचे आहेत. पिंपरीत सगळी नोकरी गिअरबॉक्सच्या लाइनवर गेली, त्यामुळे असं काही उघडून पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही. निवृत्तीनंतर मुलाकडे आलो, आणि हिवाळ्यात घरी बसवेना म्हणून या दुकानात लागलो.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी सातपासून रांग. तो रूळ कशासाठी असतो हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर त्याने शनिवारी सकाळी आमच्याकडे उभं राहावं.

प्रत्येक बुटाच्या टाचेजवळ, बाजूला, तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. आज एकाच स्कीवर आधी २८५चा बूट बसवला. ते गिऱ्हाईक अर्ध्या तासात मन बदलून दुसरी स्की घेऊन गेलं, तेव्हा त्या पहिल्या स्कीवरच ३२५चा बसवला. खटका उचलायचा, पुढचा भाग त्या आकड्यावर सरकवायचा, खटका सोडायचा, मागे तेच. बूट टाचेवर दाबला की खट्ट आवाज येतो. मग मागची खूण पाहायची. ती ठरलेल्या दोन रेघांच्या मधे आली, तर टाच बुटाला पुढे हवी तितकीच रेटते आहे असं समजायचं. सगळं मिळून दोन मिनिटं. नेहमीच्या बायंडिंगमध्ये पुढचा भाग स्क्रूने जखडलेला असतो आणि फक्त टाच दोन-अडीच सेंटिमीटर सरकते. तिच्या टप्प्याबाहेरचा बूट आला तर नव्याने ड्रिल करावं लागतं, आणि जुन्या भोकांपासून सेंटिमीटरभर तरी अंतर राखून. एका स्कीला अशी किती भोकं पाडणार?

मग पडल्यावर बायंडिंग किती जोराला सुटेल हे ठरवणारा स्प्रिंगचा आकडा. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत (जपून, मध्यम की बेधडक) हे सगळं तक्त्यात घातलं की तो निघतो. पन्नाशी गाठली की तक्ता एक पायरी खाली उतरवतो. माझी केव्हाच उतरली. माणसं वजन सांगताना लाजतात आणि कौशल्य सांगताना फुशारतात. वजन कमी लिहिलं की बायंडिंग नको तेव्हा सुटतं, कौशल्य वाढवून लिहिलं की हवं तेव्हा सुटत नाही. दोन खोटी एकमेकांना खोडून काढतील, या भरवशावर निम्मा डोंगर चालला आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ द्यायला इथल्या मराठी मंडळातलं नाशिकचं जोडपं आलं. तिळगूळ हातावर ठेवता ठेवताच नवऱ्याने विषय काढला. "काका, एका दुकानाने भाड्याच्या स्की विकायला काढल्यात. निम्म्या किमतीत. पण बायंडिंग तेच रुळावरचं. घ्यावं का?"

हा मुलगा गुलमर्गला, भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत शिकलेला. गोंडोलाच्या वरच्या टप्प्याहून अफरवटच्या माथ्याकडे खांद्यावर स्की घेऊन चढल्याच्या गोष्टी अजून सांगतो. चार हजार मीटरच्या आसपास एकेक ग्रॅम कसा जाणवतो हे त्याला पुरतं ठाऊक, म्हणून जड म्हटलं की तो बिचकतो. त्याची बायको म्हणाली, "अहो, इथे लिफ्टने वर जायचं, खाली यायचं. चढायचंय कुणाला?" मुद्दा तिनेच नेमका पकडला होता. पण त्याला आकडे हवे होते. म्हटलं, देतो.

१५ जानेवारी, बुधवार

साधी गोळाबेरीज. एका पायाला बूट दोन किलोच्या आसपास, स्की एक किलो आठशे, बायंडिंग किलोभर. म्हणजे पायाला पाच किलो आधीच लटकलेले. त्यात अडीचशे ग्रॅम म्हणजे पाच टक्के.

वळताना जाणवणारा जडपणा मात्र नुसत्या वजनाचा नसतो. वस्तुमान फिरण्याच्या अक्षापासून किती लांब आहे, त्या अंतराच्या वर्गाने तो वाढतो. रुळाचं सगळं लोखंड पायाखाली, फार तर वीतभर इकडे-तिकडे. पावणेदोन मीटरच्या स्कीचा हिशेब मांडून पाहिला. या अडीचशे ग्रॅमनी स्की फिरवायचा जडपणा एखाद-दीड टक्काच वाढतो. उलट नुसते वीस ग्रॅम स्कीच्या शेंड्याला चिकटवले तर त्याच्या अडीच पट फरक पडेल. वजनाची एवढी काळजी असणाऱ्यांनी बायंडिंग सोडून स्कीची टोकं तपासावीत.

कागद फोटो काढून नाशिककराला पाठवला. उत्तर आलं: "पण काका, चालवून बघितलंय का?"

२२ जानेवारी, बुधवार. लव्हलँड

रास्त प्रश्न होता, म्हणून आज आलो. डेन्व्हरहून आय-७० ने आयसनहॉवर बोगद्याच्या तोंडापर्यंत, आणि बोगद्यात शिरायच्या आधीच बाहेर. स्कीचा हा डोंगर त्या बोगद्याच्या डोक्यावरच आहे. आपण लिफ्टवर लटकलेलो असतो आणि खालून ट्रक जात असतात. पायथाच सुमारे ३३०० मीटरवर. थंडी कडाक्याची होती, पण आठवड्याचा मधला दिवस, लिफ्टला रांग नाही.

दुकानातून दोन जोड्या आणल्या होत्या. तेच मॉडेल, तीच लांबी, १७२. एकीवर रुळाचं बायंडिंग, दुसरीवर जखडलेलं. दोन्हींचा स्प्रिंगचा आकडा तोच. आलटून पालटून चालवल्या.

पार्किंगमधून खांद्यावर नेताना फरक कळला. लिफ्टच्या खुर्चीत पाय लोंबत असताना, पाय टेकायची खालची पट्टी न लावता, गुडघ्यांना थोडा कळला. उतारावर सपाट, दाबून तयार केलेल्या बर्फावर मोठी वळणं घेताना वजनाचा फरक मला तरी जाणवला नाही. झाडांमधल्या आखूड, झटपट वळणांत शोधून शोधून पाहिला, तेव्हा कुठे शंका आली, आणि ती बहुधा मनाचीच.

दुसऱ्या दोन गोष्टी मात्र खऱ्या होत्या, आणि वजनाशी त्यांचा संबंध नव्हता. एक म्हणजे उंची. रुळामुळे बूट स्कीपासून काही मिलिमीटर वर उभा राहतो. कडक बर्फावर स्की कडेवर घालायला त्याची मदतच होते, मऊ बर्फात मात्र पायाखालचं कळेनासं होतं. दुसरी म्हणजे प्ले. स्की कडेवर टाकायला पाय झुकवला की क्षणभर आधी बूट आणि रूळ यांच्यात काहीतरी हलतं आणि मग स्की ऐकते. नव्या रुळात हे जवळजवळ नसतं. आमची ही जोडी सगळा मोसम खटके खाऊन झालेली, दाते झिजलेले. गिअरच्या दात्यांत प्ले आला की गाडी जशी दचकते, तसंच. चांगल्या स्कीअरला खटकतो तो हा प्ले, आणि बोलताना नाव घेतो तो वजनाचं.

लंचनंतर रुळाचा फायदाही काढून पाहिला. दोन्ही भाग एकेक खाच पुढे सरकवले. पाय सेंटिमीटरभर पुढे आला आणि स्की एकदम चपळ झाली. जखडलेल्या बायंडिंगमध्ये हा प्रयोग करायचा तर ड्रिल काढा.

२३ जानेवारी, गुरुवार

कालच्यात एक भर. हलकं म्हणजे चांगलं, असं मानणाऱ्यांनी शर्यतवाल्यांचं सामान हातात घेऊन पाहावं. त्यांच्या बायंडिंगांत धातू भरपूर, खाली आणखी एक प्लेट, वजन भाड्याच्यापेक्षा कमी म्हणता येणार नाही. कुणी कुरकुरत नाही, कारण त्यांना घट्टपणा हवा असतो. उंचीही हवी असते, इतकी की आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला तिच्यावर ५० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली.

वजन खरंच छळतं ते स्वतःच्या पायांनी डोंगर चढणाऱ्यांना. दर पावलाला स्की उचलायची. त्यांच्यासाठी ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेलने १९८०च्या दशकात बुटाच्या नाकाला दोन पिनांमध्ये पकडणारं बायंडिंग काढलं; आज त्यातली काही तीनशे ग्रॅमच्याही खाली आहेत. तिथे आमच्या रुळाला जागाच नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

एक बाई रागावून आल्या. भाड्याचं बायंडिंग त्यांच्या मुलाच्या पायातून दोनदा सुटलं. तपासलं तर बुटाच्या तळव्यात बर्फ गच्च. खरवडून दाखवला. सुटलं हे वाईट, हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. हे सुटावं म्हणून माणसांनी हाडं मोडून घेतली आहेत. यालमार व्हाम हा ओरेगनमधला नॉर्वेजियन चांगला स्कीपटू. १९३७ साली माउंट सेंट हेलेन्सवर त्याचा पाय मोडला, आणि त्यातून पडल्यावर नाक मोकळं करणारं बायंडिंग त्याने काढलं. त्याआधी पाय स्कीला बांधलेलाच असायचा. आजचं बायंडिंग नडगी आणि घोटा बऱ्यापैकी वाचवतं. गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची हमी मात्र कुठलंच साधं बायंडिंग देत नाही, भाड्याचं नाही आणि विकतचंही नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नाशिककर सहकुटुंब आला. मुलगी अकरा वर्षांची, पाय दर वर्षी वाढतोय. तिच्यासाठी मी विचारच केला नाही: रुळाचंच. पुढचे दोन-तीन बूट त्याच स्कीवर बसतील. फक्त स्प्रिंगची खालची मर्यादा तिच्या वजनाला पुरेल एवढी कमी हवी, ती पाहून घेतली. बायकोसाठीही तेच, कारण तिने अजून बूट पक्के केलेले नाहीत.

त्याच्यासाठी मात्र ती निम्म्या किमतीची जोडी नको म्हणालो. त्याने ती बरोबर आणली होती. टाचेचा भाग मुठीत धरून डावी-उजवीकडे हलवला तर रुळावर स्पष्ट डुलत होता. तोल, ताकद, वेग हे सगळं ज्याच्याकडे आहे त्याने झिजलेल्या दात्यांवर उभं राहू नये. त्याचे बूट ठरलेले आहेत, वाढणार नाहीत. त्याला जखडलेलं बायंडिंग बसवून देतो. "म्हणजे काका, शेवटी हलकंच निघालं की," म्हणाला. निघालं, पण त्यासाठी नव्हे.

कुणी जुन्या भाड्याच्या स्की घेणार असेल तर स्वतःचे बूट बरोबर न्यावेत. टाच हलवून प्ले पाहावा. ते मॉडेल कंपनीच्या यंदाच्या यादीत आहे का हे दुकानात विचारावं, कारण यादीबाहेरच्या बायंडिंगला इथला कुठलाही जबाबदार कारागीर हात लावत नाही. आणि आकडा घरच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवू नये. बूट अडकवून, यंत्रावर पिळून तपासून घ्यावा. वजन करायचं असेल तर सगळ्यात शेवटी करावं.