मार्करची सही

आमच्या घरात गोल्फ ह्या खेळाविषयी मुळीच आदरबुद्धी नाही. चेंडू आपणच मारावयाचा, आपणच त्याच्यामागे चार मैल उन्हातून चालावयाचे, आणि अखेर तो एका भोकात घालून पुन्हा आपल्याच हाताने बाहेर काढावयाचा, ह्यात खेळ तो कोणता, असा आमच्या गृहिणीचा प्रश्न आहे. आणि बारा वर्षे हा खेळ खेळूनही त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडलेले नाही. हा श्रीमंतांचा षोक आहे हा दुसरा आक्षेप तर आम्ही निमूटपणे मान्य करतो. आमच्या बाजूने एवढेच सांगण्यासारखे आहे की, निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले, आणि नुसते चालण्याचा आम्हांस कंटाळा होता.

परंतु चालण्याच्या निमित्ताने गेलेले आम्ही तेथे रमलो ते ह्या खेळाच्या एका चमत्कारिक रीतीमुळे. ती अशी की, येथे पंच नसतो. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटीला निसटता लागला तरी फलंदाज आभाळाकडे पाहत उभा राहू शकतो, कारण बाद देणे हे पंचाचे काम आहे आणि खेळाडूने त्यात ढवळाढवळ करू नये अशी समजूत आहे. गोल्फमध्ये ही सोय नाही. झुडपाआड चेंडू केसभर हलला तर तो हलला हे सांगणारे तुम्हीच, स्वतःस दंड करणारेही तुम्हीच. फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश असे तिन्ही वेश एकाच माणसाने घ्यावयाचे, आणि तेही आसपास कोणी पाहत नसताना!

ह्या खेळाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नियम 1744 सालचे. एडिंबरोजवळच्या लीथ येथील मंडळींनी ते केले, आणि केले ते सामन्याकरिता. शहराने चांदीची गोल्फची काठी बक्षीस लाविली, तेव्हा फटके कसे मोजावयाचे हे ठरविणे भाग पडले. नियम अवघे तेरा होते. आमच्या देशात कलकत्त्याचा क्लब 1829 मध्ये निघाला तोवर त्यांना पुष्कळ फाटे फुटले होते, आणि पुढे तर ह्या नियमांचे एक धर्मशास्त्रच झाले. 2019 साली त्यांची मोठी झाडाझडती झाली; चौतीस नियमांचे चोवीस झाले, हरवलेला चेंडू शोधण्यास पूर्वी पाच मिनिटे मिळत ती तीनवर आली. 2023 मध्ये अपंग खेळाडूंसाठी पंचविसावा नियम जोडला गेला. ज्यांना कायद्याची गोडी आहे त्यांनी हे पुस्तक अवश्य चाळावे. आम्हांस मात्र त्यातील एकाच गोष्टीविषयी लिहावयाचे आहे, ती म्हणजे कार्ड.

स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकाच्या नावाचे एक कार्ड असते, पण ते त्याच्या हाती राहत नाही. माझे कार्ड तुमच्या खिशात, तुमचे माझ्या. दर होल संपला की आपल्या सोबत्याचे फटके मोजून त्याच्या कार्डावर लिहावयाचे. ह्या कामगारास मार्कर म्हणतात. अठरा होल झाले की मार्करने खाली सही करावयाची, खेळाडूने आकडे तपासून तिच्याशेजारी आपली, आणि मग कार्ड कमिटीपुढे जावयाचे. आमच्या घरोघरी दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि गवळ्याच्या वहीत असा दोन्हीकडे ठेवलेला असतो, त्यातलाच हा प्रकार. गंमत अशी की, बेरजेची जबाबदारी खेळाडूवर नाही. ती कमिटीने करावयाची. एकेका होलचा आकडा मात्र खरा पाहिजे. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर खेळाडू स्पर्धेतून बाद. जास्त आकड्यावर केली तर तो जास्तीचा आकडाच त्याच्या कपाळी कायम.

ह्या नियमाची क्रूरता 1968 साली अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत जगाने पाहिली. अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्सो ह्याने शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर तीन फटक्यांत चेंडू घातला. हजारोंनी तो डोळ्यांनी पाहिला, दूरचित्रवाणीवर पाहिला तो वेगळाच. पण त्याचा मार्कर टॉमी ॲरन ह्याने कार्डावर चार लिहिले, आणि दे विसेन्सोने ते न पाहता सही केली. पासष्टचे सहासष्ट झाले. त्या एका फटक्याने बॉब गोल्बी विजेता ठरला. नाहीतर दोघांना दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावे लागले असते. त्या दिवशी दे विसेन्सोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. त्याने मार्करला दोष दिला नाही, आपल्यालाच मूर्ख म्हणवून घेतले. उलट बाजूस बॉबी जोन्सचे उदाहरण आहे. हा हौशी खेळाडू होता. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये उंच गवतात त्याचा चेंडू किंचित हलला, तो इतर कोणीही पाहिला नव्हता, आणि त्याने स्वतःस एका फटक्याचा दंड लावून घेतला. अखेरीस विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि फेरखेळात तो हरला. लोकांनी त्याची वाहवा केली तेव्हा, बँक न लुटल्याबद्दल कोणाची स्तुती करतात काय, अशा अर्थाचे काही तो बोलला असे सांगतात.

ह्या थोरांच्या गोष्टी झाल्या. आमच्यासारख्यांच्या स्पर्धा निराळ्या असतात, आणि आमच्यासाठी फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या एका दयाळू शस्त्रवैद्याने निराळीच गणनपद्धती काढून ठेवली आहे. तिचा पहिला प्रयोग वेल्समध्ये 1898 साली झाला, आणि 1932 मध्ये इंग्लंडातील वॉलसी क्लबात ती खरी रुजली. साध्या मोजणीत एका होलवर दहा-बारा फटके गेले की दिवस बुडाला. ह्या पद्धतीत फटक्यांचे गुण करतात. ठरलेल्या फटक्यांत, म्हणजे पारमध्ये, होल झाला तर दोन गुण. एक फटका जास्त लागला तर एक. दोन किंवा अधिक लागले तर शून्य. शून्याखाली जाणे नाही. पुढच्या होलवर पुन्हा नव्याने संसार मांडावा. शिवाय हॅंडिकॅपची सूट असतेच. चोवीस हॅंडिकॅप असलेल्यास प्रत्येक होलवर एक फटका माफ, आणि सर्वांत अवघड सहा होलवर आणखी एकेक. छत्तीस गुण झाले म्हणजे मनुष्य आपल्या योग्यतेप्रमाणे खेळला असे समजावे. आम्ही तसे बारा वर्षांत दोनदा खेळलो आहो.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत अप्पांचे कार्ड आमच्या खिशात आले. अप्पा आमच्याहून तेरा वर्षांनी वडील. सारा जन्म सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात गेला. दुसऱ्याच्या बेरजेतील चूक त्यांना दारातूनच दिसे असे त्यांचे जुने सहकारी सांगत. गोल्फची काठी आमच्या हाती त्यांनीच दिली आणि नियमांचे पुस्तकही. आमच्या तुकडीतील तिसरे गृहस्थ आयत्या वेळी आले नाहीत, म्हणून अप्पा, आम्ही आणि बॅगा वाहणारे दोन कॅडी एवढेच निघालो.

चौथ्या होलवर अप्पा म्हणाले, "पाच लिहा." आम्ही सहा मोजले होते. तसे सांगताच ते हसले, बोटांवर मोजले आणि म्हणाले, "बरोबर. सहा." पाचव्या होलवर त्यांचा चेंडू एका कावळ्याने उचलून नेला. कावळा अंडे समजून नेतो की केवळ आमच्या करमणुकीसाठी नेतो, हे त्याचे त्याला ठाऊक. आम्ही गोंधळलो; अप्पांनी तत्काळ नियम 9.6 सांगितला, मूळच्या जागी दुसरा चेंडू ठेवला, दंड नाही. आम्हांस फार बरे वाटले. मग नववा होल आला. हा चार पारचा. अप्पांना येथे एक फटका माफ. पहिला फटका बाभळींत, दुसऱ्याने बाहेर, तिसरा वाळूच्या खड्ड्यात, चौथा वाळूतून ग्रीनवर, आणि मग दोन हलके. सहा. अप्पा म्हणाले, "पाच."

"अप्पा, सहा ना?"

"अहो, बाभळीत एक, बाहेर दोन, ग्रीनजवळ तीन, मग दोन. पाच!"

वाळूतला फटका त्यांच्या मोजणीत नव्हताच. आम्ही तो सांगितला. त्यांनी आमच्याकडे जरा रोखून पाहिले आणि आपल्या कॅडीला विचारले, "काय रे, तू सांग." तो आमच्या सर्वांहून चांगला मोजतो, पण कार्डावर त्याची सही लागत नाही, आणि दोन साहेबांच्या मध्ये पडू नये हे त्याला कळते. "मी बॅगेकडं बघत होतो, साहेब," तो म्हणाला. तेराव्या होलवर पुन्हा तेच. तेथे पाचाचे चार झाले. ह्या वेळी आम्ही वाद घातला नाही. कार्डावर पेन्सिलीने आपला आकडा लिहिला आणि चालू लागलो. ते पाच होल आम्ही कसे खेळलो ते आम्हांस आठवत नाही.

वाचकहो, मार्करपुढे तेव्हा काय होते ते पाहा. दोन्ही ठिकाणी अप्पांचा आकडा धरला तर त्यांचे गुण तेहतीस होत. आमचा धरला तर एकतीस. पुढे ज्येष्ठांच्या गटातील दुसरे बक्षीस बत्तीस गुणांवर गेले. हॅंडिकॅपच्या स्पर्धेत हौशी खेळाडूस रोख बक्षीस घेता येत नाही, तेव्हा बक्षीस म्हणजे एक चहाचा ट्रे होता. एका ट्रेसाठी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे मन मोडावे काय, असे कोणीही म्हणेल. पण लबाडीचा प्रश्नच नव्हता. अप्पा लबाडी करणार नाहीत हे आम्हांस सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ ठाऊक होते, आणि म्हणूनच जीव धास्तावला होता. लबाड माणसाला सहा म्हणणे सोपे. येथे सहा म्हणणे म्हणजे, अप्पा, तुमची स्मृती तुम्हांस सोडून चालली आहे, असे म्हणणे होते. पाच लिहिले असते तर खोट्या आकड्यावर त्यांची सही झाली असती, आणि ती आम्ही करविली असती.

नियम म्हणतो, मतभेद मिटला नाही तर मार्करने सही करू नये, प्रकरण कमिटीकडे न्यावे. आम्ही क्लबाच्या व्हरांड्यात बसलो. अप्पांनी चष्मा बदलला आणि कार्ड हाती घेतले. आमचे कार्ड त्यांनी आधीच आमच्यापुढे सारले होते. त्यात एकही आकडा चुकला नव्हता. नवव्या होलवर त्यांचे बोट थांबले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग सावकाश वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि फरशीवर उलटा केला. चिमूटभर पांढरी वाळू पडली.

"दुसऱ्या कुठल्या होलवर मी वाळूत गेलो होतो?" त्यांनी विचारले.

"कुठेच नाही, अप्पा."

"मला ती आठवत नाही," ते म्हणाले. "मुळीच आठवत नाही. मग तेराव्याचेही तुमचेच बरोबर असणार." त्यांनी सही केली. हिशेबखात्यातील ती वळणदार सही अगदी पूर्वीसारखी होती. कार्ड देऊन परत आल्यावर बूट घालता घालता म्हणाले, "घरी बोलू नका." आम्ही म्हटले, डॉक्टरांकडे जाणार असाल तर नाही बोलणार. ह्या करारास कार्ड नव्हते आणि मार्करही नव्हता. तो आम्ही करावयास हवा होता की नव्हता, ह्याविषयी आमचे आणि आमच्या गृहिणीचे मत आजही जुळत नाही. तिच्या मते त्याच संध्याकाळी वहिनींना फोन करणे हे आमचे काम होते. अप्पा तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेले, आणि वहिनींना त्यांनी स्वतःच सांगितले. परंतु ते तीन आठवडे आम्ही रोज सकाळी त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत होतो.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत अप्पांनी कमिटीस विनंती करून आम्हांसच मार्कर मागितले. पहिल्या होलवर त्यांनी उजव्या खिशातून मूठभर चिंचोके काढून दाखविले. दर फटक्यास एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात जावयाचा. असे मोजण्यास कोणत्याही नियमाची हरकत नाही, हे त्यांनी पुस्तकात पाहून ठेविले होते. त्यांचा कॅडीही आता बॅगेकडे बघत नाही. खिशाकडे बघतो, आणि हात जावयाचा राहिला तर हलकेच खाकरतो.

सहाव्या होलवर चेंडू पडल्याचा आवाज झाला तसे ते म्हणाले, "चार. नाही, थांबा." डाव्या खिशातील चिंचोके तळहातावर घेऊन त्यांनी एकेक बाजूला सारला, आणि मग ते सगळे आमच्यापुढे धरले. "पाच," ते म्हणाले. "तुमचे किती?"

"पाचच," आम्ही म्हटले, आणि लिहिले.