नदीवाचून वसलेले नगर : बंगळूर

आपल्याकडील बहुतेक जुनी नगरे नदीच्या आश्रयाने वाढली. नाशिकला गोदावरी आहे, सांगलीला कृष्णा आहे. बंगळूरला मात्र अशी मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील पठारावर हे शहर उभे आहे. येथे पडणाऱ्या पावसापैकी काही पाणी पश्चिमेच्या उताराने अर्कावतीतून कावेरीस मिळते, तर काही पूर्वेकडे दक्षिण पिनाकिनीस जाते. मग येथे वस्ती टिकली कशी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर तळ्यांत आहे.

१५३७ च्या सुमारास केंपेगौडा यांनी मातीचा कोट घालून येथे पेठा वसविल्या आणि त्यांच्या भोवती तळी बांधविली. कन्नड भाषेत तळ्याला ‘केरे’ म्हणतात. वरचे तळे भरले की त्याचे पाणी पाटाने खालच्या तळ्यात जाई, अशी ही साखळी होती. तळ्याखाली भात पिके, माळावर नाचणी होई आणि उपसलेला गाळ शेतात पडे. पेठांची नावे पाहा : अक्कीपेट म्हणजे तांदळाची, अरळेपेट म्हणजे कापसाची. शेतमालाच्या व्यापारानेच हे नगर घडविले, याची साक्ष ती नावे आजही देतात.

मराठी वाचकांना या नगराविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असेही एक कारण आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर मंदिराजवळ व्यंकोजीराजांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. १६८७ मध्ये मोगलांनी हे ठाणे जिंकले आणि त्यांच्याकडून ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले.

१९४१ साली बंगळूरची लोकसंख्या सुमारे ४ लाख, म्हणजे एखाद्या मध्यम शहराएवढी होती. २०११ च्या जनगणनेत ती ८४ लाखांवर गेली. या वाढीत अनेक तळी बुजली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे, तर संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. संपंगीचे एक लहानसे कुंड तेवढे राखले आहे. चैत्री पौर्णिमेला होणाऱ्या ‘करग’ उत्सवातील विधीसाठी त्याचे पाणी लागते. हा उत्सव पिढ्यान्‌पिढ्या भाजीमळे व बागा पिकविणाऱ्या तिगळ समाजाचा आहे. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या भव्य नंदीसमोर भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. आसपासचे शेतकरी नव्या शेंगांच्या राशी घेऊन येतात. शहराचे शेतीशी असलेले नाते असे सणावारांतून शिल्लक राहिले आहे.

तळी घटली तशी पाण्याची वाट लांबत गेली. १८९४ मध्ये हेसरघट्टा, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी आणि १९७४ मध्ये थेट कावेरी! आज सुमारे १०० किलोमीटरांवरून पाणी पंपांनी उचलून या पठारावर चढवावे लागते. तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात असंख्य विंधनविहिरी आटल्या आणि अनेक वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागली.

या कथेला आशेची बाजूही आहे. शहराचे सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून शेजारच्या अवर्षणग्रस्त कोलार जिल्ह्यातील तळ्यांत सोडले जाते. तेथील भूजलाला त्याचा आधार मिळाला आहे. या पाण्याची शुद्धता डोळ्यांत तेल घालून जपणे हे मात्र शहराचे कर्तव्य ठरते, कारण ते ज्या शेतांना पोचते त्यांची भाजी पुन्हा शहराच्याच ताटात येते.

आपण कधी बंगळूरला गेलात, तर लालबागेची शोभा अवश्य पाहा. परंतु बसस्थानकावर उतरताना आपण एका तळ्याच्या तळाशी उभे आहोत, याचाही क्षणभर विचार करा. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या तळ्यात यंदा गाळ किती साठला आहे, तेही एकदा पाहून या.