तंबूपुढची चूल

घराबाहेर मुक्काम करायचा म्हटले की सर्वांत आधी प्रश्न पडतो तो जेवणाचा. राहायला तंबू मिळतो, अंथरायला सतरंजी मिळते. पण दहा माणसांना वेळेवर गरम घास कोण देणार? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ठरलेलेच असते. घरातल्या बायका देतील! म्हणून पुष्कळ घरांत सहल पुरुषांची आणि मुलांची होते. बायकांचे स्वयंपाकघर फक्त जागा बदलते.

आमच्या घरीही तेच चालत आले होते. आम्ही मालेगावचे. लहानपणी आम्ही नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर गेलो होतो. आम्ही भावंडे दिवसभर पाण्याच्या काठाने हुंदडलो. अम्मीने मात्र धरण पाहिलेच नाही. ती दगडांच्या चुलीपुढे धुरात डोळे पुसत बिर्याणीला दम देत होती. बिर्याणी फार छान झाली होती, हे खरे. पण परत येताना मी तिला विचारले, "अम्मी, पाणी कुठपर्यंत होतं?" ती म्हणाली, "बेटा, पातेल्यात होतं तेवढं मी पाहिलं."

म्हणून २०२३ च्या डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याला दोन दिवस तंबूत राहायचा बेत ठरला, तेव्हा भाईजानने आणि मी एक अट घातली. या सहलीत अम्मीने चुलीला हात लावायचा नाही. भाभी आणि माझी पत्नीही शक्य तितक्या मोकळ्या राहतील. स्वयंपाक आम्ही दोघे भाऊ करू. भाभी हसू लागली. अम्मी हसली नाही. "मग मी तिथे करू काय?" एवढेच ती म्हणाली.

बी.एड.च्या वर्षी मी खोली घेऊन राहत होतो. तेव्हा खिचडी, अंडी आणि पिठले एवढे तीन पदार्थ मला चांगले जमू लागले होते. तेवढ्या बळावर मी यादी करायला बसलो. बिर्याणी पहिल्याच फटक्यात कापली. बाहेरच्या जेवणाला माझ्या मते तीन कसोट्या लावाव्यात. भांडी कमी लागावीत, पाणी कमी लागावे आणि चिरण्या-वाटण्याचे काम घरीच उरकलेले असावे.

आमच्यापुढे आणखी एक अडचण होती. अब्बांना मधुमेह आहे. रात्री जेवणाआधी त्यांना इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. इंजेक्शन घेतल्यावर जेवण लांबले तर रक्तातील साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. तेव्हा "होईल थोड्या वेळात" असे म्हणून आम्हांला चालणार नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी तयारी सुरू झाली. खिमा चांगला कोरडा होईपर्यंत परतला आणि स्टीलच्या डब्यात भरून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवला. सकाळी तो दगडासारखा घट्ट झाला होता. डब्याला वर्तमानपत्राचे चार थर गुंडाळले. शिजवलेले मांस प्रवासात लवकर खराब होते; म्हणून तो दुपारच्या पहिल्याच जेवणात, चांगला गरम करून संपवायचा, हे आधीच ठरवले होते. रवा खमंग भाजला. त्यात मोहरी, कढीपत्ता, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी घातली. गार झाल्यावर मीठ मिसळून तो बरणीत भरला. असा रवा बरोबर असला की सकाळी फक्त पाणी उकळायचे. एक वाटी रव्याला सव्वादोन वाट्या उकळते पाणी, वर पाच मिनिटे झाकण, उपमा तयार!

अंड्यांचे काय करावे, हा प्रश्न माझ्या पुतणीने सोडवला. तिने एकेक अंडे तांदळाच्या डब्यात खोचून ठेवले. घाटरस्त्याने गाडीत एवढे धक्के बसले, पण एकही अंडे फुटले नाही.

भंडारदरा अकोले तालुक्यात आहे. प्रवरा नदीवरचे तिथले धरण १९२६ साली पूर्ण झाले. जवळच कळसूबाईचे शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. जलाशयाच्या काठी गावकरी तंबू भाड्याने देतात. आमचे तंबू ज्यांच्या शेतात होते, त्या मावशींनी मोकळ्या जागेवर तीन दगडांची चूल मांडून दिली होती. "चूल इथंच पेटवा. पलीकडं गवत वाळलंय," असे त्यांनी बजावले. ते योग्यच होते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य याच भागात आहे, आणि डिसेंबरात एका ठिणगीनेही डोंगर पेटू शकतो. आमच्याकडे पाच किलोची गॅसची लहान टाकीही होती. ती आम्ही तंबूपासून दूर, उघड्यावर ठेवली. कितीही थंडी वाजली तरी बंद तंबूत शेगडी किंवा कोळसे पेटवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

दुपारी खिमा-रोटी झाली. त्यात सांगण्यासारखे काही नाही. ती पाच मिनिटांत संपली.

खरी परीक्षा रात्री होती. बेत होता मसूर डाळीच्या खिचडीचा. एरवी आपण डाळीच्या दुप्पट तांदूळ घेतो. अब्बांसाठी मी दोन्ही सारखेच घेतले. चार वाट्या तांदूळ आणि चार वाट्या डाळ. दोन्ही अर्धा तास भिजवले, म्हणजे इंधन वाचते. कांदा परतला, हळद-मीठ घातले, सुमारे चार लिटर पाणी ओतले आणि पातेले गॅसवर ठेवले. मुलांनी चुलीतल्या निखाऱ्यांवर राख सारून त्यात सालीसकट बटाटे पुरले.

अंधार पडला तसा जलाशयावरून वारा सुटला. गॅसची ज्योत आडवी होऊ लागली. भाईजानने पत्र्याची पेटी आडवी लावली, तरी निम्मी उष्णता वाराच नेत होता. पावणेआठ वाजता कुठे पाण्याला उकळी फुटली. त्यानंतर दहा मिनिटांनी मी एक शीत दाबून पाहिले. आतून ते टणकच होते. अब्बा काही बोलले नाहीत, पण त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. भाभी उठू लागली. मी तिला बसवले.

अम्मी तंबूच्या दारात शाल पांघरून बसली होती. दिवसभर ती अशीच बसून होती. कुणी कांदा चिरला की तिची बोटे हलत. कुणी झाकण उघडले की तिची मान वर होई. तिला सुटी दिली होती. पण हात रिकामे ठेवायची सवय तिला कुठून असणार? आता मात्र ती जागेवरूनच म्हणाली, "अरे, आग कशाला जाळतोस? उतरव ते पातेलं. झाकण घट्ट लाव आणि गोधडीत गुंडाळ. बाकीची खिचडी आपल्याच गरमीनं शिजेल."

आम्ही तसेच केले. खाली जाड चादर घातली, त्यावर पातेले ठेवले आणि दोन गोधड्या चहूबाजूंनी घट्ट खोचल्या. एकदा उकळलेल्या अन्नात शिजण्यापुरती उष्णता असते, ती बाहेर जाऊ दिली नाही म्हणजे झाले. हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचून मी वर्गात शिकवले आहे. अम्मी कधी शाळेत गेली नाही.

तरी अब्बांच्या बाबतीत अंदाजावर विसंबायचे नव्हते. आधी बटाटे काढले. काडी टोचली तर लोण्यासारखी आत गेली. साडेआठला गोधडी उघडली. वाफेने माझा चष्मा धुरकटला. डाळ विरघळली होती, तांदूळ मऊ झाला होता. मग अब्बांनी इंजेक्शन घेतले आणि वेळेवर ते जेवायला बसले. खिचडी, भाजलेला बटाटा, उकडलेले अंडे आणि लिंबाचे लोणचे. अब्बा म्हणाले, "मीठ कमी आहे." आमच्या घरात ही मोठी शाबासकी समजतात, कारण नावडल्यास ते काहीच बोलत नाहीत. अम्मीने पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर, पहिल्या पंगतीत ताट घेतले.

सकाळी रव्याच्या बरणीने आपले काम चोख केले. उपमा खाऊन अम्मी अब्बांबरोबर काठाकाठाने चालत गेली. ती दोघे तासभर दिसली नाहीत.

दुपारी पिठले करायचे होते. मी बेसन कालवत होतो, एवढ्यात मावशी नाचणीच्या भाकऱ्या थापायला बसल्या. अम्मी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. अम्मीची मराठी बाजारापुरती आणि मावशींना उर्दू येत नाही. पण तवा, चमचा, मसाला हे शब्द दोघींचेही होते. त्यांचे काही अडले नाही. मावशी पाण्याच्या हाताने भाकरी कशी फिरवतात, ते अम्मी बघत राहिली. "मी एक करू?" तिने विचारले. आमची अट मोडत होती. भाईजानने माझ्याकडे पाहिले. मी पिठले ढवळत राहिलो.

अम्मीची पहिली भाकरी तव्यावर जाताना मधोमध फाटली. दोघीही खळखळून हसल्या. दुसरी साधली. ती तिने अब्बांच्या ताटात वाढली.

निघताना मावशींनी नाचणीच्या पिठाची पिशवी अम्मीच्या हातात दिली आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. अम्मी गाडीतून परत उतरली. तिने सामानातून लिंबाच्या लोणच्याची बरणी काढली आणि ती त्यांच्या चुलीशेजारी ठेवून आली.