तिकीट कुणाला? मावशीला विचारा!

इलेक्शन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बोटावरची शाई, सोसायटीच्या गेटवर वाटलेल्या स्लिपा, आणि त्याच्याही महिनाभर आधीपासून पेपरात रंगणारी ‘तिकीट कुणाला?’ ही मालिका. नावं दिल्लीला जातात, याद्या येतात, कुणी रुसतं, कुणी बंडाचा झेंडा उभारतो. आपण सकाळच्या चहाबरोबर हे सगळं चवीने वाचतो. पण आपल्याला विचारतं कोण? आपला नंबर लागतो तो मेन्यू ठरून गेल्यावर!

अमेरिकेत मात्र तिकीट कुणाला द्यायचं, यासाठीच आधी एक मतदान होतं. त्याचं नाव प्रायमरी. मास कॉमला असताना परीक्षेपुरतं मी हे वाचलं होतं. पण या प्रकाराची तयारी कशी करतात, ते बघितलं २०२४ मध्ये, न्यू जर्सीतल्या एडिसनला, मावशीच्या डायनिंग टेबलवर.

२० मेला मुलुंडला मत दिलं आणि दोन दिवसांनी विमानात बसले. एअरपोर्टवर मावशीने आधी माझं बोट बघितलं, मग मला! ती मूळची मुलुंडचीच. आदल्या वर्षी ती अमेरिकन सिटिझन झाली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागला. बदल्यात मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर व्हिसाची कटकट वाचते, पण मत देता येत नाही. म्हणजे इकडचं मत गेलं होतं आणि तिकडचं पहिलं मत यायचं होतं. तारीख होती ४ जून.

काकांना यात काडीचा इंटरेस्ट नव्हता. “मॅच संपलीय गं,” ते म्हणायचे. त्यांचं गणित चूक नव्हतं. तिथे सगळ्या राज्यांच्या प्रायमरी एकाच दिवशी नसतात आणि न्यू जर्सीचा नंबर अगदी शेवटी होता. बायडन आणि ट्रम्प या दोघांनीही उमेदवारीला लागणारे डेलिगेट्स १२ मार्चलाच खिशात घातले होते.

“तुमची मॅच संपली असेल, माझी बॅटिंग व्हायचीय,” मावशी म्हणाली आणि चष्मा लावून कागद घेऊन बसली.

पहिलं टेन्शन आलं ते पक्षाचं. न्यू जर्सीत ज्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं, त्या पक्षात तुमची नोंद हवी. दुसऱ्या पक्षात असाल तर मतदानाच्या ५५ दिवस आधी फॉर्म भरून बदल करायचा. कुठल्याच पक्षात नसाल, तर केंद्रावर गेल्यावर पक्ष सांगितला तरी चालतं. पण मग ती नोंद तशीच राहते, पुन्हा फॉर्म भरून बदलेपर्यंत. मावशी बावचळलीच! आमच्या आजोबांनी मत कुणाला दिलं, हे आयुष्यभर आजीलासुद्धा सांगितलं नाही. आणि इथे टेबलापलीकडच्या अनोळखी माणसाला पक्ष सांगायचा? “मत गुप्त आणि पक्ष जगजाहीर, हा कुठला न्याय?” दोन दिवस घरात हाच विषय.

मग पोस्टाने आल्या नमुना मतपत्रिका. मावशी कुठल्याच पक्षात नव्हती, म्हणून दोन्ही पक्षांच्या! मिडलसेक्स काउंटीत इंग्रजी आणि स्पॅनिशबरोबर गुजरातीतही मजकूर असतो. मराठी नाही, पण मावशीचं बालपण गुजराती शेजाऱ्यांत गेलेलं. तिने इंग्रजीशी ताडून गुजराती वाचायला सुरुवात केली, आणि मी गार!

खरी गंमत पुढे आहे. प्रायमरी म्हणजे तिकीट जनतेच्या हातात, असं मी समजत होते. पण न्यू जर्सीतल्या २१ पैकी १९ काउंट्यांत वर्षानुवर्षं ‘काउंटी लाइन’ नावाचा जुगाड चालायचा. काउंटीतल्या पक्षनेत्यांनी पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, राष्ट्राध्यक्षपदापासून गल्लीतल्या कौन्सिलपर्यंत, एकाच ओळीत छापायचे. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. हायकमांड आपल्याकडे दिल्लीत बसतं, तिथे ते मतपत्रिकेच्या डिझाइनमध्ये बसलं होतं!

२०२४ मध्ये सिनेटच्या जागेसाठी उभे राहिलेले अँडी किम याविरुद्ध कोर्टात गेले. २९ मार्चला फेडरल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही पद्धत थांबवली. एका पदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत छापायचे, असा आदेश निघाला. रिपब्लिकन मतपत्रिकेला तो त्या वर्षी लागू नव्हता. मावशीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खालून वर वाचत गेली. राष्ट्राध्यक्षाचं नाव सगळ्यांत शेवटी. “वरचं ठरलंय म्हणतात ना? मग खालचं तरी मी ठरवते.” दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. जे नाव माहीत नाही, त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन शोधाशोध.

आता योगायोग बघा. ४ जूनलाच आपल्या लोकसभेचा निकाल होता. आपल्याकडे सकाळी आठला मोजणी सुरू झाली, तेव्हा एडिसनमध्ये ३ जूनच्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. रात्रभर टीव्ही चालू. काका, मावशी, चिवड्याचा डबा आणि जिथे आता आपलं मत नाही, त्या देशाच्या जागांची बेरीज. मध्येच मावशी डोळे पुसत होती. जागरणाने असेल, असं आम्ही ठरवलं. सकाळी सहाला मतदान सुरू झालं, तेव्हा ती आंघोळ करून, कॉटनची साडी नेसून तयार होती. तिने कुठल्या पक्षाचं नाव सांगितलं, हे मी इथे लिहू नये अशी तिची अट आहे. आजोबांची लेक शेवटी!

आणि काकांची ‘संपलेली मॅच’? २१ जुलैला, न्यू जर्सीच्या मतदानानंतर ४७ दिवसांनी, बायडन यांनी माघार घेतली. ऑगस्टमध्ये कमला हॅरिस यांची उमेदवारी ठरली ती प्रायमरीतून निवडून आलेल्या डेलिगेट्सच्या मतांनी. म्हणजे कुणी लक्ष न दिलेली माणसंच शेवटी कामाला आली. नोव्हेंबरमध्ये अँडी किम सिनेटवर निवडून आले. मार्च २०२५ मध्ये काउंटी लाइन राज्याच्या कायद्यानेच बाद झाली. दोन्ही पक्षांसाठी.

त्याच वर्षी जूनमध्ये गव्हर्नरपदाची प्रायमरी झाली. मावशीने मला फोन केला, पण माहिती विचारायला नाही, सांगायला. कोण उभं आहे, कोण काय बोलतंय, अर्धा तास नॉनस्टॉप. मागून काकांचा आवाज आला, “अगं, तो नमुना कुठे ठेवलास? मलाही बघायचाय.”

मी आता पेपरात ‘तिकीट कुणाला’ वाचते, तेव्हा चहा जरा कडू लागतो. खालून वर वाचायची सवय मलाही लागलीय. फक्त आपल्याकडे तो कागद घरी येत नाही.