हार

सायकलीवरून उतरणे म्हणजे हार, असे विशीत मला वाटे. रत्नागिरीहून जयगडला जाणारा किनाऱ्याचा रस्ता मोठा लहरी. खाडीपाशी उतरतो आणि लगेच जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो. परवा आरे-वारेच्या चढणीवर पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. मुकाट्याने सायकल ढकलीत होतो, तोच एक विद्यार्थी मोटारसायकलीवरून आला. "सर, पंक्चर का?" सत्यावर व्याख्याने देणारा मी चटकन "हो" म्हणालो!

पुढे जयगडला, शास्त्रीच्या मुखाशी, तवसाळच्या फेरीबोटीची वाट पाहत बसलो. मोटारी, टेंपो, सारेच थांबले होते. थांबण्यात कोणालाच कमीपणा वाटत नव्हता. परतताना त्याच टेकडीवर पुन्हा उतरलो. या खेपेस विचारणाऱ्याला खरे तेच सांगितले, "चढवत नाही, बाबा!"